चूकभूल द्यावी घ्यावी, पण किती?

जुन्या हिशेबाच्या कागदाखाली, दुकानदाराच्या बिलावर, पुष्कळदा एखाद्या लेखाच्या अखेरीसही चार अक्षरे आढळतात: चू. भू. द्या. घ्या. हिशेब लिहिणारा माणूस या चार अक्षरांनी दोन गोष्टी साधतो. आपल्या हातून चूक होणे शक्य आहे हे तो आधीच मान्य करतो. आणि ती सापडलीच तर कोणाच्या लाभाची आहे हे न पाहता दुरुस्त करून घेऊ, असा शब्द देतो. व्यवहारातले हे सौजन्य आम्हांस नेहमीच आवडत आले आहे. गणिताला मात्र अशा सौजन्याची गरज नसते, असे शाळेपासून सर्वांच्या मनावर बिंबवलेले असते. व्यवहारात चूकभूल असेल, गणितात उत्तर एक तर बरोबर असते किंवा चूक. पुष्कळांना गणिताची भीती वाटते ती यामुळे, आणि थोड्या लोकांना गणिताचा लळा लागतो तोही यामुळेच. आम्ही त्या थोड्यांपैकी. जगात इतरत्र न मिळणारी निःसंदिग्धता येथे मिळते, या ओढीने आम्ही विद्यापीठाच्या गणित विभागात गेलो.

तेथे १९९१ साली, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, ‘संख्यात्मक विश्लेषण’ नावाचा विषय आमच्यापुढे आला. ज्या निःसंदिग्धतेसाठी आम्ही तेथे गेलो होतो, तिचे पुढे काय झाले आणि तिच्या जागी काय आले, याविषयी हा लेख आहे.

*

प्रत्येक विभागात विषयांची एक अलिखित उतरंड असते. आमच्या विभागात सर्वांत वर अमूर्त बीजगणित आणि टॉपॉलॉजी होते. त्या विषयांच्या तासाला फळ्यावर आकडा क्वचितच दिसे, आणि दिसलाच तर तो शून्य किंवा एक असे. उतरंडीच्या तळाशी संख्यात्मक विश्लेषण. हुशार विद्यार्थी त्याकडे हमखास गुण देणारा पेपर म्हणून पाहत. द्विभाजन पद्धत, न्यूटन-रॅफसन पद्धत, गाउसची निरसन पद्धत, लाग्रांजचे अंतर्वेशन, सिम्पसनचा नियम, रुंगे-कुट्टा: सूत्रे पाठ करावीत, आकडे भरावेत, कोष्टक आखावे, शेवटी ‘तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक’ असे लिहून खाली दोन रेघा ओढाव्यात. बारावीपर्यंत क्लार्कची कोष्टके उघडून लॉगरिदम काढण्याची सवय झालेल्या आमच्या पिढीला हे काम कारकुनी वाटे, यात नवल नाही.

हा विषय मुळात कशासाठी जन्मला, हे त्या कोष्टकांतून कळत नसे. कारण अगदी साधे आहे. गणितात ज्या प्रश्नांना उत्तर असते, त्यांपैकी फारच थोड्यांना सूत्र असते. वर्गसमीकरणाचे सूत्र शाळेत शिकवतात. पण पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे एवढ्याच साधनांनी बनलेले सूत्र असूच शकत नाही, हे आबेलने १८२४ साली सिद्ध केले. संख्याशास्त्रात पदोपदी भेटणाऱ्या घंटाकृती वक्राखालचे क्षेत्रफळ नेहमीच्या फलनांत मांडता येत नाही. हवामान, नदीचा पूर, पुलावरचा भार यांची समीकरणे लिहिता येतात, सोडवता येत नाहीत. उत्तर आहे याची खात्री असते, पण हात तेथवर पोचत नाही. तेव्हा त्याच्या जवळ जावे लागते, आणि जवळ जाणे ही एक स्वतंत्र विद्या आहे.

या विद्येतही सौंदर्य आहे हे आम्हांला प्रथम २ च्या वर्गमुळाने दाखवले. एक अदमास घ्या. २ ला त्याने भागा. अदमास आणि भागाकार यांची सरासरी हा नवा अदमास. १ पासून निघालो की पहिल्या पायरीस १.५ येते. दुसऱ्या पायरीस १.४१६६..., म्हणजे दोन दशांश स्थळे बरोबर. तिसऱ्या पायरीस पाच स्थळे बरोबर, चौथ्या पायरीस अकरा. प्रत्येक पायरीवर बरोबर अंकांची संख्या सुमारे दुप्पट होत जाते. ही रीत बॅबिलोनियन लोकांच्या नावाने ओळखली जाते. न्यूटनची पद्धत तिचेच व्यापक रूप. वहीच्या एका पानावर, पेन्सिलीने, एका अपरिमेय संख्येच्या इतके निकट जाता येते, हे पाहून जे वाटले ते टॉपॉलॉजीच्या तासाला वाटे त्याहून निराळे होते. पण कमी नव्हते.

*

हा विषय शिकवणारे सर निवृत्तीला आलेले होते. फळ्यावर लिहिताना ते प्रत्येक उत्तराच्या उजवीकडे थोडी जागा मोकळी सोडत आणि तेथे काय यायचे हे वर्गाला विचारत. तेथे त्रुटीची मर्यादा यायची असे. ती लिहून होईपर्यंत ते उत्तराखाली रेघ ओढत नसत. विभागाच्या संगणक प्रयोगशाळेत आम्ही फोरट्रानमध्ये आज्ञावल्या लिहीत असू आणि कर्कश आवाज करणाऱ्या छापयंत्रातून निघालेले लांबलचक कागद जर्नलमध्ये चिकटवत असू. एकदा एका मित्राने सिम्पसनच्या नियमाने, चारच भाग पाडून, एका वक्राखालचे क्षेत्रफळ काढले होते. छापील उत्तर पंधरा अंकी होते. सरांनी लाल पेन काढले आणि चौथ्या अंकापुढचे सारे अंक छाटून टाकले.

“हे पुढचे अंक कोणाचे?”

“यंत्राचे, सर.”

“मग ते तुमच्या जर्नलमध्ये काय करताहेत?”

मित्र हसला, वर्गही हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “अहो, ज्या अंकाची जबाबदारी घेता येत नाही, तो लिहिणं म्हणजे खोटं बोलणं.” गणिताच्या वर्गात खोटे बोलण्याचा विषय त्या दिवशी प्रथम निघाला. सिद्धतेत चूक असू शकते, तर्कात फट असू शकते. पण अचूक छापलेला आकडा असत्य असू शकतो, कारण तो आपल्याला नसलेल्या ज्ञानाचा आव आणतो, ही कल्पना नवी होती.

पुढच्या तासाला सरांनी एक वर्गसमीकरण दिले: क्ष वर्ग, उणे एक लक्ष क्ष, अधिक १, बरोबर शून्य. शाळेतले सूत्र वापरायचे, मात्र प्रत्येक पायरीवर फक्त आठ सार्थ अंक ठेवायचे, कारण यंत्रालाही कुठेतरी थांबावेच लागते. वर्गमुळाच्या चिन्हाखाली एक हजार कोटींतून ४ वजा होतात. आठ अंकांत ते ४ दिसतही नाहीत. वर्गमूळ बरोबर एक लक्ष येते, एक लक्षातून एक लक्ष गेले, आणि लहान मूळ शून्य येते. प्रत्यक्षात ते ०.००००१ च्या अगदी लगत आहे. शून्य हे या समीकरणाचे मूळ असूच शकत नाही, कारण क्ष च्या जागी शून्य घातल्यास उरतो १. सूत्र निर्दोष, आकडेमोड निर्दोष, आणि उत्तर निरर्थक. जवळजवळ समान असलेल्या दोन संख्यांची वजाबाकी केली की दोघांतले बरोबर अंक एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मागे उरतो तो गाळ.

उपायही शालेयच आहे. दोन मुळांचा गुणाकार १ आहे. मोठे मूळ या सूत्राने उत्तम येते. १ ला त्याने भागा, लहान मूळ आठही अंकांत बरोबर मिळते. दोन्ही वाटा शुद्ध गणिताच्या दृष्टीने समान आहेत. कागदावर जे समान असते ते हिशेबात समान नसते, हा या विषयाचा पहिला धडा. येथे सत्य हे केवळ कोठे पोचलात यावर ठरत नाही. कोणत्या वाटेने आलात हेही विचारले जाते.

*

यंत्र थांबते म्हणजे काय, हे कळण्यास ०.१ ही संख्या पुरेशी आहे. आपल्या दशमान पद्धतीत तिच्यासारखी निरुपद्रवी संख्या नाही. संगणक मात्र दोनच अंकांत लिहितो, आणि त्या लेखनात एक-दशांश कधीच संपत नाही, जसा आपल्याकडे एक-तृतीयांश संपत नाही. कोठेतरी तो तोडावा लागतो. आजच्या नित्याच्या संगणकावरही ०.१ दहा वेळा ओळीने मिळवले तर उत्तर १ येत नाही. सोळा नऊ मांडलेला एक अपूर्णांक येतो. संख्या कशा साठवाव्यात आणि कशा तोडाव्यात याचे सर्वमान्य नियम १९८५ साली ठरले, आणि त्यामुळे निदान सर्व यंत्रे एकाच रीतीने तोडू लागली. तोडणे टळले नाही. ते टळणारे नाहीच.

याची किंमत काय असू शकते हे आम्ही विद्यार्थी असतानाच जगाला कळले. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडले आणि २८ सैनिक मरण पावले. ते अडवण्यासाठी ठेवलेल्या पेट्रियट यंत्रणेने त्याकडे पाहिले ते चुकीच्या जागी. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे. ते सेकंदांत बदलण्यासाठी ०.१ ने गुणावे लागे, आणि तो ०.१ चोवीस द्विमान अंकांवर तोडलेला होता. एका गुणाकारातली चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढी. पण यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू होती. शंभर तासांत दशांश सेकंद छत्तीस लक्ष होतात. चूक सेकंदाच्या एक-तृतीयांशावर गेली. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून अधिक पुढे जाते.

अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ साली या घटनेवर जो अहवाल दिला, त्यातली एक गोष्ट आम्हांला आकड्यांहून अधिक छळते. दोष ठाऊक होता. घटनेच्या चार दिवस आधी यंत्रणा वापरणाऱ्यांना सूचनाही गेली होती की ‘फार वेळ’ यंत्रणा चालू राहिल्यास नेम सरकू शकतो. फार वेळ म्हणजे किती तास, हे त्या सूचनेत नव्हते. सुधारलेली आज्ञावली धाहरानला पोचली ती दुसऱ्या दिवशी. चू. भू. द्या. घ्या. लिहिलेले होते, चूकभूल केवढी, हे लिहिलेले नव्हते. सर फळ्यावर उजवीकडे जी जागा मोकळी सोडत, ती तेथे मोकळीच राहिली होती.

*

या विषयाची वैचारिक उंची आम्हांला कळली ती जेम्स विल्किन्सन या इंग्रज गणितज्ञाचे लेखन वाचताना. लंडनजवळच्या टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत तो १९४६ पासून अॅलन ट्यूरिंगच्या हाताखाली काम करत होता. त्या काळी जाणकारांचा असा समज होता की गाउसची निरसन पद्धत मोठ्या प्रश्नांना निरुपयोगी ठरेल. प्रत्येक पायरीवर तोडलेल्या अंकांची चूक पुढच्या पायरीत वाढत जाऊन शेवटी उत्तरालाच गिळून टाकील. तेथील मंडळींनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर १८ अज्ञातांची १८ समीकरणे सोडवून पाहिली. उत्तरे मूळ समीकरणांत घालून पाहिली तेव्हा ती आश्चर्यकारक काटेकोरपणे जुळली. भीती खरी ठरली नाही, आणि ती का ठरली नाही याचा शोध हेच विल्किन्सनचे जीवितकार्य झाले. त्यासाठी १९७० साली त्याला ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

त्याने प्रश्नाची दिशा उलटी केली. हाती आलेले उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर आहे, असे तो आधी विचारत नाही. तो विचारतो: हाती आलेले उत्तर कोणत्या प्रश्नाचे तंतोतंत बरोबर उत्तर आहे? असा प्रश्न बहुधा सापडतो, आणि तो मूळ प्रश्नाच्या अगदी शेजारी असतो. मग चुकीचे दोन वेगळे वारसदार दिसू लागतात. पद्धत चांगली असेल तर ती आपल्याला शेजारच्याच प्रश्नावर नेते, दूर नाही. एवढे करूनही उत्तर बहकले, तर दोष प्रश्नाच्या स्वभावात असतो: काही प्रश्न असे नाजूक असतात की त्यांना किंचित धक्का लागला तरी उत्तर कोसळते. या नाजूकपणाला मोजमाप ट्यूरिंगने १९४८ च्या एका निबंधात दिले.

असा एक नाजूक प्रश्न विल्किन्सनच्याच नावाने प्रसिद्ध आहे. १ ते २० हीच ज्याची मुळे आहेत असे विसाव्या घाताचे समीकरण घ्या. याहून सुबक काय असणार? त्यातील एकोणिसाव्या घाताचा सहगुणक उणे २१० आहे. त्यात एक कोटीव्या भागाच्या आसपासचा बदल करा. वीसपैकी दहा मुळे वास्तव संख्यांचे जग सोडून संमिश्र संख्यांत निघून जातात. १६ आणि १७ यांच्या जागी १६.७ च्या आसपासची एक जोडी येते, जिचा काल्पनिक भाग २.८ आहे. पद्धत कोणतीही वापरा, यंत्र कितीही चांगले असो, हा प्रश्न असाच आहे. एखाद्या माणसाविषयी म्हणावे तसे या प्रश्नाविषयी म्हणता येईल की याचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलू नका.

साहित्याच्या वाचकांना ही उलटी दृष्टी अनोळखी वाटू नये. अनुवाद मुळाशी किती प्रामाणिक आहे, हा वाद कधीच संपत नाही, कारण अनुवाद मुळासारखा नसतोच. त्याऐवजी असे विचारून पाहावे: हा अनुवाद कोणत्या मूळ कृतीचा अगदी नेमका अनुवाद ठरला असता, आणि ती कल्पित कृती खऱ्या कृतीपासून किती दूर आहे? काही कविता शेजारच्या कवितेवर सरकल्या तरी टिकतात. काहींचा एक स्वर हलला की सगळी मुळे निसटतात. त्या कवितांचे अनुवाद फसतात तेव्हा अनुवादकालाच दोषी धरणे न्यायाचे नसते. हे आम्ही गणिताच्या वर्गात शिकलो, समीक्षेच्या नव्हे.

*

जवळ जाण्याची विद्या परकी नाही, हे पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालचा ज्योतिषशास्त्राचा इतिहास वाचताना ध्यानात आले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, हा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचले. ग्रहांचे गणित करायचे तर एरवी ज्याकोष्टके लागत, आणि कलियुगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजावे लागत. ते त्या काळी सोळा लाखांच्या वर जात. गणेशाने दोन्ही टाळले. ज्याकोष्टकांच्या जागी त्याने साध्या गुणाकार-भागाकारांची सूत्रे दिली. दिवसांची रास त्याने अकरा वर्षांच्या, ४०१६ दिवसांच्या चक्रांत बांधली, म्हणजे हाती उरणारी संख्या चार अंकांपलीकडे जात नाही. लहान संख्या, कमी श्रम, हातून होणाऱ्या चुकाही कमी. नावातच लाघव आहे. महाराष्ट्रातली पंचांगे पुढे शतकानुशतके या ग्रंथावर चालली.

परंतु मूळ गतींतले सूक्ष्म दोष आणि सोयीसाठी सोडलेले अंश दर चक्रागणिक साचत जातात. साडेतीनशे वर्षांत तीसहून अधिक चक्रे होतात. गणितातले आकाश आणि डोळ्यांना दिसणारे आकाश यांत अंतर पडले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांशी जुळणारे पंचांग पुढे आणले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद माजला. छत्र्यांचे शिष्य बाळ गंगाधर टिळकही पुढे त्या वादात उतरले. व्रते, श्राद्धे, एकादश्या यांचे दिवस त्यात गुंतलेले होते. तो वाद धर्माचा म्हणून सांगितला जातो, आणि तो होताही. पण त्याच्या पोटात धाहरानच्या घड्याळाचाच प्रश्न होता. सोयीसाठी तोडलेला अंश काळाने गुणला जातो. तो किती काळ चालेल, हे कोणीतरी सांगायला हवे असते.

चुकीकडे पाहण्याची याहून सूक्ष्म दृष्टी केरळात ‘ग्रहलाघवा’च्याही आधी होती. संगमग्रामच्या माधवाच्या नावे सांगितली जाणारी श्रेढी प्रसिद्ध आहे: १ उणे एक-तृतीयांश अधिक एक-पंचमांश उणे एक-सप्तमांश, असे जात राहावे आणि चौपट करावी, म्हणजे परीघ व व्यास यांचे गुणोत्तर मिळते. ही श्रेढी इतकी संथ आहे की दहा पदांनंतर ३.०४१८ च हाती येते. पण त्या परंपरेने तेथेच थांबून विचारले की, जे राहिले आहे त्याचे रूप काय? त्यांनी राहिलेल्या भागासाठी संस्कार सांगितला. दहा पदांनंतर तो ४०१ भागिले ४० चा व्यस्त, म्हणजे चाळीस भागिले चारशे एक, इतका येतो. तो मिळवला की उत्तर ३.१४१५९० होते, खरे मूल्य ३.१४१५९२६... आहे. दहा पदांत पाच दशांश स्थळे. श्रेढी शोधणे ही प्रतिभा खरीच. पण चुकीलाही आकार असतो आणि तो ओळखता येतो, ही आम्हांला त्याहून दुर्मीळ प्रतिभा वाटते.

*

गेली अनेक वर्षे आम्ही हाच विषय शिकवतो. फोरट्रान जाऊन पायथन आली, छापयंत्राचा आवाज गेला, जर्नल मात्र आहे. प्रश्नपत्रिकेत अजूनही ‘तीन दशांश स्थळांपर्यंत’ असते आणि उजवीकडच्या जागेला गुण नसतात. मुले विचारतात, “सगळं यंत्रच करतं, तर आम्ही हे कशाला शिकायचं?” प्रश्न रास्त आहे. आकडेमोड यंत्राने करावी. ती त्याचीच आहे. उत्तर येणे ही आज जगातली सर्वांत स्वस्त गोष्ट झाली आहे. नवल असे की, ज्या महाकाय प्रतिकृतींची सध्या चर्चा आहे, त्यांना शिकवताना सोळा आणि आठ द्विमान अंकांच्या तोकड्या संख्या मुद्दाम वापरतात, कारण तेथे अधिक अंक नुसता खर्च वाढवतात. किती अंक पुरेत, कोठे तोडावे, आणि तोडल्यावर जे हाती आले त्यावर किती भिस्त ठेवावी, हे ठरवणारा कोणी तरी हवाच. मुलांना आम्ही एवढेच सांगतो की तो कोणी तरी म्हणजे तुम्ही.

हे सांगणे वर्गात सोपे असते. काही वर्षांपूर्वी आमच्या आईच्या फुप्फुसात एक गाठ दिसली. सीटी स्कॅनच्या अहवालात लिहिले होते: ६ मि.मी. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला, तेव्हा ७ मि.मी. घरात कोणी काही बोलेना. ती प्रतिमा कशी बनते हे आम्ही शिकवत आलो होतो. सर्व दिशांनी घेतलेल्या छायांवरून आतली वस्तू पुन्हा उभी करता येते, हे रॅडोनने १९१७ साली सिद्ध केले. पण त्याच्या सूत्राला अनंत छाया लागतात. यंत्राला मोजक्याच मिळतात, त्याही गढूळ. उरलेले काम आमच्या विषयाचे. कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ साली नोबेल मिळाले ते या खटाटोपासाठी. हे सारे ठाऊक असूनही त्या रात्री सहा आणि सात या दोन आकड्यांकडे आम्ही निव्वळ आकडे म्हणून पाहू शकत नव्हतो.

डॉक्टरांनी दोन्ही चित्रे शेजारी लावली. आम्ही विचारले, “या मापात चूक किती धरायची?” त्यांनी वळून आमच्याकडे पाहिले. “दोन मिलिमीटरपेक्षा कमी फरकाला आम्ही वाढ म्हणत नाही,” ते म्हणाले. “आज सहा म्हणणारा माणूस उद्या तेच चित्र बघून सात म्हणेल. माझ्या दृष्टीने तुमचे हे दोन्ही अहवाल एकच आहेत. वर्षानं परत बघू.” गाठ निरुपद्रवी आहे असे ते म्हणाले नाहीत. त्यांना जे ठाऊक नव्हते ते त्यांनी सांगितले नाही. पण त्यांनी मर्यादा सांगितली, आकड्यात सांगितली, आणि केव्हा पुन्हा पाहायचे तेही सांगितले. वर्षभर त्या वाक्यावर आमचे घर चालले.

रिक्षात आईने विचारले, “म्हणजे सहा की सात?”

आम्ही म्हटले, “सहा-सात.”

“मग तसंच लिहायचं की,” ती म्हणाली. पाच-सात माणसे, दहा-बारा दिवस, दोन-चार पोळ्या असे आयुष्यभर मोजत आलेल्या तिला त्यात अवघड असे काही दिसले नाही. वर्षाने आलेल्या अहवालात ६ लिहिलेले होते. आम्ही तो तिला वाचून दाखवला. तिने तो आधीच्या दोन्ही कागदांबरोबर घडी करून कपाटात ठेवला आणि भाताला किती पाणी घालायचे ते बोटाच्या पेराने पाहू लागली.